अद्भुताचा समीक्षक : द. भि. कुलकर्णी



शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आणि कामगार संघटनेत उमर घालविलेल्या माणसाने वाङ्मयसमीक्षकाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु द. भि. कुलकर्णी आपल्या नागपूरचेच. 1934 साली ते येथे जन्मले, येथील विद्यापीठात त्यांनी मराठी शिकविले, 2010 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि 2016 साली ते निवर्तले.

अद्भुताशी मराठी समीक्षेचे वाकडे जुने आहे. ‘मुक्तामाला’ 1861 साली निघाली, ‘मंजुघोषा’ 1868 साली. लगेच 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवरील निबंधात असल्या अवास्तव कथांना फटकारले. पुढे वास्तव ते थोर आणि अद्भुत ते पोरकट, अशीच वाटणी बहुधा चालत आली. आम्हां चळवळीतल्या माणसांना तर ती फारच सोयीची होती.

ती वाटणी धारवाडच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने मोडली. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’त (1975) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. त्यांतल्या मुलखाला नकाशा नाही, काळाला सन नाही. आहे ती माणसाची नियतीशी गाठ. अशा कथांवर दभिंनी ‘जीएंची महाकथा’ हा ग्रंथ लिहिला. ‘महाकाव्य : स्वरूप व समीक्षण’ लिहिणाऱ्या विद्वानाने कथेला ‘महा’ हे विशेषण लावावे, ही लहान गोष्ट नव्हे. मी त्याचा अर्थ असा घेतला, की पानांची संख्या नव्हे, तर कथेत मावलेल्या मनुष्यजीवनाचा आवाका मोजावा.

एक अनुभव सांगतो. एक गिरणी बंद पडल्यानंतर आमच्या अभ्यासवर्गात मी ‘इस्किलार’ वाचून दाखविली. एक जुना साचेवाला म्हणाला, ‘‘भाऊ, आपलंबी असंच झालं. कपाळात होतं ते चुकलं नाही.’’ मी चिडलो. गिरणी कपाळाने बंद पडत नाही. कागदावर कुणाची तरी सही असते! वाटले, या कथा माणसाला हात जोडावयास शिकवितात. पुस्तक मिटून ठेवले.

दभि वाचल्यावर ते पुन्हा उघडले. तेव्हा कळले, की त्या साचेवाल्याने कथेत सिद्धांत शोधला नव्हता. आपल्या दुःखाला साजेसे रूप शोधले होते. सहीचा हिशेब मागणे हे माझे काम. ते कथेवर ढकलण्यात अर्थ नव्हता. नियतीवादाशी माझे भांडण आजही आहे, पण ते कथा पुरती वाचून झाल्यावरचे आहे.

समीक्षकाने वाचकाला याहून अधिक काय द्यावे? न पटणारी कथाही आदराने वाचावयास त्याने शिकविले, तर त्याचे ऋण मानले पाहिजे. ते मानण्यासाठीच आज मी येथे उभा राहिलो.