‘गिव्ह अप’ : एका क्रियापदाचा नऊशे वर्षांचा प्रवास

१/ इंग्रजीत ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे शाळेत लवकरच कळते. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे शरण जाणे, पद सोडणे, व्यसन सोडणे, आशा सोडणे, बसायची जागा रिकामी करून देणे, हे सारे कसे झाले? उत्तरासाठी इंग्लंडच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते. #धागा

२/ जुन्या इंग्रजीत क्रियापदाचा अर्थ पुष्कळदा उपसर्गाने बदले. आपल्याकडे प्रहार, आहार, संहार, विहार होतात तसा. ‘यिएवान’ म्हणजे देणे. त्याला ‘ऑफ’ हा उपसर्ग लागला की अर्थ होई त्यागणे. काळाच्या ओघात असे कितीतरी उपसर्ग झिजून गेले.

३/ नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडील लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत प्रथम लढायला आले आणि मग तेथेच वसले. त्यांच्या नॉर्स भाषेत क्रियापदानंतर ‘वर’, ‘खाली’, ‘बाहेर’ असे सुटे शब्द ठेवण्याची रीत होती. इंग्रजीतील तशीच रचना या शेजाराने बळावली, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘यिएवान’मधील ‘य’ जाऊन ‘गिव्ह’चा ‘ग’ आला, तोही नॉर्स ‘गेफा’च्या प्रभावाने.

४/ १०६६ मध्ये नॉर्मन आले. दरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन प्रतिष्ठित झाली. इंग्रजीत इतिवृत्त लिहिण्याची परंपरा एकेका मठात थांबत गेली. पीटरबरोचा मठ १११६ मध्ये आगीत होरपळला; तरी तेथील भिक्षूंनी ११२१ च्या सुमारास इतिवृत्त नव्याने उतरवून काढले आणि ११५४ पर्यंतच्या घटना इंग्रजीतच नोंदवल्या.

५/ त्यातील ११३२ ची नोंद पाहा. मठाधिपती हेन्री याला पीटरबरोचा मठ फ्रान्समधील क्लूनीच्या अधीन करायचा होता. राजा पहिला हेन्री याला ते उमगताच त्याने या मठाधिपतीला पद सोडायला लावले आणि देशाबाहेर घालवले. ‘पद सोडणे’ यासाठी लेखकाने ‘गिव्ह अप’चेच तत्कालीन रूप वापरले आहे. या क्रियापदाच्या सर्वांत जुन्या लेखी उदाहरणांपैकी हे एक होय.

६/ येथे ‘अप’चा ‘वर’शी संबंध उरलेला नाही. इंग्रजीत ‘अप’ क्रियेची पूर्णता दाखवते : ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘बर्न अप’ म्हणजे जळून जाणे. पद, किल्ला, कैदी पूर्णपणे हवाली करणे हा अर्थ मग सवय, प्रयत्न आणि आशा यांपर्यंत पसरला.

७/ फ्रेंचमधून ‘सरेंडर’ आणि ‘अबँडन’ हे शब्दही आले. तहनाम्यांत आणि कायद्यात त्यांना मान मिळाला. घरीदारी मात्र ‘गिव्ह अप’ चालत राहिले. राज्यकर्त्यांची भाषा आणि प्रजेची भाषा यांतील जुनी दरी आजच्या इंग्रजीतही अशी दिसते.

८/ १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत त्याने मान्य केले की, मागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलणारी ही क्रियापदे परक्यांना सर्वाधिक अवघड जातात. म्हणून अशी रूपे त्याने काळजीपूर्वक टिपली.

९/ आता १ डिसेंबर १९५५, अमेरिकेतील मंटगमरी शहर. बसचालकाने गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास सांगितले. तिघे उठले, ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत. ‘जागा सोडणे’ म्हणजे पुन्हा ‘गिव्ह अप’. एरवी हे सौजन्य. येथे ती सक्तीची शरणागती होती. त्यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला आणि अखेर बसमधील वर्णभेद बेकायदा ठरला.

१०/ आपण अंगमेहनतीने थकलो नव्हतो, नमते घेण्याला थकलो होतो, असे पार्क्स यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ‘नमते घेणे’ यासाठी त्यांचा शब्द ‘गिव्ह इन’. शेवटचा छोटा शब्द बदलला की अर्थ किती बदलतो, पाहा!

११/ मराठीला हे परके नाही. ‘सोडून देणे’ म्हणताना आपणही ‘देणे’ जोडतो, पण बहुधा कुणाला काही देत नसतो. क्रियेची पूर्णता तेवढी सांगतो.

१२/ ‘गिव्ह अप’ हे क्रियापद एक गोष्ट लपवते : सोडणाऱ्याने स्वेच्छेने सोडले की त्याला सोडायला लावले? मठाधिपती हेन्रीला सोडावे लागले; रोझा पार्क्स यांनी सोडले नाही. इतिहासात कोणी गड, गादी वा हक्क ‘सोडला’ असे वाचाल, तेव्हा कोणाच्या आज्ञेने आणि कोणासाठी, एवढे अवश्य विचारा.