गोळी तीच, गुण वेगळा

मुरुडकडे शेताच्या बांधाला, देवळाच्या आवारात पिवळी कण्हेर सर्रास दिसते. फूल देवाला चालते. पण बी पोटात गेली तर जीव घेते, हे आपल्या आयाबायांना ठाऊक असते. हे विष थेट हृदयावर घाला घालते. त्याच कुळीचे द्रव्य विलायतेतल्या डिजिटॅलिस या झाडात आहे आणि त्यातूनच हृदयाचे एक नामांकित औषध निघाले. विष आणि औषध यांत अंतर काय ते मात्रेचे. मात्र ही मात्रा नेमकी ओळखायला फार काळ लागला.

इंग्लंडचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली या झाडावर ग्रंथ लिहिला. पान कोणत्या ऋतूत खुडले यावर गुण बदलतो, हे त्यांनी हेरले. म्हणून ते फुलोऱ्याच्या वेळची पाने घेत. पुढे १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी पानांतून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. मोजूनमापून गोळ्या आल्या. वाटले, प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. १९७१ साली अमेरिकेत जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना निरनिराळ्या बनावटीच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या दिल्या. औषधाचे वजन सारखेच. पण रक्तात उतरलेल्या औषधात सातपटीपर्यंत फरक! असे का व्हावे? खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, पिठीसाखर चटकन. गोळीचेही तसेच. औषधाचे कण जाड असले, तर ते पुरते न विरघळताच पोटातून पुढे निघून जातात. म्हणून पुढे गोळी किती वेळात विरघळते, याची कसोटी लावण्यात आली.

आता म्हातारपणाचा विचार करू. डिगॉक्सिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे धड असली, तर शरीरातले निम्मे औषध दीड-दोन दिवसांत उतरते. ती पार थकली, तर साडेतीन ते पाच दिवस लागतात. वयाबरोबर मूत्रपिंडांचे बळ ओसरते. आजचे औषध उतरण्याआधीच उद्याचे येऊन साठते. त्यातच जास्त विरघळणारी गोळी हाती आली, तर औषधाचेच विष होते.

तेव्हा घरातल्या आजोबांची गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बदलू नका. अन्नावरची वासना गेली, मळमळले, नजरेला पिवळेपणा आला किंवा नाडी मंदावली, तर ‘वयच झालंय आता’ म्हणून सोडून देऊ नका. गोळीचे पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.