स्नेहसंबंधांचा ताळेबंद

समाजजालांचा धंदा नफ्यात चालू शकतो काय, हा प्रश्न वरकरणी वाणिज्य शाखेचा आहे. मराठीच्या अध्यापकांनी त्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण आहे. गेल्या वीस वर्षांत मराठीत जे लिहिले गेले त्यातील बराच भाग, म्हणजे कविता, परीक्षणे, वाद, मृत्युलेखसुद्धा, ह्या जालांवर लिहिला गेला. नियतकालिकांचा इतिहास सांगताना आपण वर्गणीदार, जाहिराती आणि कागदाचा भाव पाहतो. दिवाळी अंकांचे अर्थकारण तर आपल्याकडील प्रत्येक हौशी संपादकास तोंडपाठ असते. मग ह्या नव्या कागदाचा मालक कोण आणि त्याचे पोट कशावर चालते, हेही वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकास ठाऊक असावयास हवे.

गंमत अशी की ह्या धंद्याचे मूळ एका कथेत सापडते. हंगेरियन लेखक फ्रिग्येश कारिंथी ह्यांच्या १९२९ सालच्या एका कथेतील पात्र असे प्रतिपादन करते की पृथ्वीवरील कोणत्याही माणसापर्यंत ओळखीच्या चारपाच माणसांच्या साखळीने पोहोचता येईल. पुढे ही कल्पना समाजशास्त्रज्ञांनी उचलली, आणि १९९७ साली अँड्र्यू वाइनरीख ह्यांनी न्यूयॉर्क येथे तिच्याच नावाने ‘सिक्सडिग्रीज’ हे संकेतस्थळ काढले. ओळखी नोंदवून झाल्यावर पुढे करावयाचे काय, ह्याचे उत्तर मात्र तेथे नव्हते. शिवाय बहुतेकांचे स्नेहीसोबती तेव्हा आंतरजालावर आलेलेच नव्हते. काही वर्षांतच ते बंद पडले. त्यानंतरचे ‘फ्रेंडस्टर’ नेमक्या उलट कारणाने बुडाले. गर्दी इतकी झाली की एकेक पान उघडण्यास कित्येक सेकंद लागू लागले. २००३ साली गूगलने देऊ केलेले ३ कोटी डॉलर त्याच्या चालकांनी नाकारले होते.

‘मायस्पेस’ची कहाणी अधिक बोधप्रद आहे. वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉक ह्यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने २००५ साली ते ५८ कोटी डॉलरना घेतले. पुढच्याच वर्षी गूगलने तेथील जाहिरातींच्या हक्कापोटी सुमारे ९० कोटी डॉलर देण्याचा करार केला, तेव्हा मर्डॉक ह्यांची दूरदृष्टी जगभर वाखाणली गेली. करारात एक मेख होती: ही रक्कम वाचकांच्या वर्दळीवर अवलंबून होती. वर्दळ वाढविण्यासाठी पाने वाढवली गेली, पानांवर जाहिराती वाढल्या, आणि गाणी ऐकावयास व ऐकवावयास आलेली तरुण मंडळी हळूहळू उठून गेली. २०११ साली तेच संकेतस्थळ सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकले गेले. आमच्या मते येथे जुन्या वृत्तपत्रधंद्याची चूक दिसते. माणसे ज्या कारणासाठी जमली आहेत त्या कारणाच्या शेजारी फलक लावावयाचा, एवढीच त्यांची जाहिरातीची कल्पना होती. गप्पांत रंगलेला माणूस भिंतीवरचा फलक वाचत नाही.

पूर्व आशियात उत्तर वेगळे निघाले. दक्षिण कोरियातील ‘सायवर्ल्ड’वर सदस्यांचे चिमुकले घर असे, आणि ते सजविण्यासाठी लागणारी भिंतचित्रे, गाणी, खुर्च्यामेजे ‘दोतोरी’ म्हणजे ओकचे फळ ह्या नावाच्या चलनाने विकत मिळत. एक दोतोरी म्हणजे १०० वॉन. चीनमध्ये टेन्सेंट कंपनीने आपल्या ‘क्यूक्यू’वरील सदस्यांना स्वतःच्या चित्रप्रतिमेसाठी कपडे विकले, पुढे खेळ विकले, आणि २००४ साली हाँगकाँगच्या भागबाजारात पाऊल ठेवले. चार लोकांत वावरताना बरे दिसावे ह्या इच्छेपायी माणूस पदरचे पैसे मोडतो, हे ज्यांनी लग्नसराई पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. म्हणजे समाजजालाने नफा करावयाचा तर जाहिरातच विकली पाहिजे, असा काही नियम नव्हता. अमेरिकेतही ‘लिंक्डइन’ने नोकरभरती करणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेऊन आपला जम बसविला. हे दाखले आम्ही मुद्दाम देतो. कारण ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य पुढे फार वेळा ऐकू येते.

फेसबुकने जो मार्ग धरला त्याचा निर्णायक क्षण आमच्या दृष्टीने २०१२ सालची समभागविक्री हा नाही. तो सप्टेंबर २००६ मधला आहे. तोवर फेसबुकवर दुसऱ्याचे पान पाहावयाचे तर त्याच्या पानावर जावे लागे, जसे आपण कोणाच्या घरी जातो. त्या महिन्यात ‘न्यूज फीड’ आले आणि सर्वांच्या घरच्या वार्ता एका अखंड पट्टीवर आपल्यापुढे सरकू लागल्या. सदस्य खवळले, निषेधाचे समूह निघाले, चालकांनी थोडी माघार घेतली; पट्टी मात्र राहिली. त्या दिवशी बैठकीचे वर्तमानपत्र झाले. त्यास संपादक नव्हता, बातमीदार सदस्यच होते, आणि अंक प्रत्येकाचा निराळा होता.

वर्तमानपत्राचा हिशेब तर जुनाच होता. ३ सप्टेंबर १८३३ रोजी बेंजामिन डे ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ हे पत्र एका सेंटला विकावयास काढले. त्या वेळी इतर पत्रे सहा सेंटना मिळत. वाचकाकडून येणारी तूट जाहिरातदाराने भरून काढावयाची, म्हणजेच वाचकास बातमी विकावयाची आणि जाहिरातदारास वाचक, ही व्यवस्था तेथून रूढ झाली. फेसबुकने तीत दोन गोष्टींची भर घातली. एक, जाहिरात पट्टीच्या शेजारी न ठेवता पट्टीतच, मित्राच्या बारशाच्या आणि मावशीच्या सहलीच्या मध्ये बसविली. आणि दोन, कोणता वाचक कोणास विकावयाचा हे त्याच्या आवडीनिवडींवरून ठरविले.

ही युक्तीही एकदम फळली नाही. मे २०१२ मध्ये ३८ डॉलरना विकलेला समभाग सप्टेंबरात १८ डॉलरच्याही खाली आला. कारण सदस्य भ्रमणध्वनीकडे वळले होते आणि तेथील छोट्या पडद्यावर बाजूस फलक लावावयास जागाच नव्हती. नेमक्या ह्याच अडचणीत पट्टी उपयोगी पडली. २०१२च्या तिसऱ्या तिमाहीत जाहिरात-उत्पन्नातील भ्रमणध्वनीचा वाटा १४ टक्के होता; २०१३च्या अखेरच्या तिमाहीत तो ५३ टक्क्यांवर गेला. २०१२ साली जेमतेम ५ कोटी ३० लाख डॉलर निव्वळ नफा झालेल्या ह्या कंपनीचा २०२१ सालचा नफा ३९ अब्ज डॉलरच्या पुढे होता, आणि उत्पन्नाचा ९७ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा होता. तेव्हा नफा होतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होतो, आणि प्रचंड होतो’ असेच द्यावे लागेल. मात्र ते सर्वांस लागू नाही. २००६ सालीच निघालेल्या ट्विटरला पहिली नफ्याची तिमाही पाहण्यासाठी २०१७ची अखेर उजाडावी लागली. २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षी ते पुन्हा तोट्यात होते. राजकारणी, पत्रकार, कवी असे सर्व जेथे रोज भांडत, त्या चव्हाट्याची ही स्थिती!

आता आपल्याकडे वळू. २०२१च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका व कॅनडातील प्रत्येक सदस्यामागे सरासरी ६०.५७ डॉलर उत्पन्न झाले. भारत ज्यात मोडतो त्या आशिया-पॅसिफिक विभागात हाच आकडा ४.८९ डॉलर होता. सदस्यसंख्येत भारत जगात पहिला, आणि मोलात असा. ज्या वाचकाचे मोल कमी त्याच्या भाषेची, तिच्यातील मजकुराच्या जपणुकीची काळजी कंपनीने किती करावी? हा प्रश्न नीतीचा नसून हिशेबाचा आहे, आणि हिशेब अमेरिकेत होतो.

ऑर्कुटचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जानेवारी २००४ मध्ये गूगलने ते सुरू केले. ब्राझील आणि भारतात त्याने घर केले. मराठी कवितेचे, गझलेचे, गडकिल्ल्यांचे समूह तेथे होते. कित्येकांनी देवनागरीत टंकन तेथेच शिकून घेतले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. मालक कंगाल नव्हता. उलट जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांत त्याची गणना होती. समूहांतील चर्चा काही वर्षे वाचावयास ठेवल्या होत्या, नंतर त्याही काढून घेतल्या. मायस्पेसवर २०१५ सालापर्यंत चढविलेले संगीत तर सामग्री एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. ती सुमारे ५ कोटी गाणी असावीत, असा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता.

आमच्या विभागात कोणी विद्यार्थी आंतरजालावरील पहिल्या पिढीची मराठी कविता हा विषय घेऊन येतो, तेव्हा आम्ही प्रथम साधनांची चौकशी करतो. बहुधा उत्तर एकच मिळते: कोणी स्नेह्याने तेव्हा हौसेने छापून ठेवलेले काही कागद आहेत.