सुखी निवासाची गोष्ट

सान फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७० च्या सुमारास अनेक वृद्ध चिनी पुरुष एकेका खोलीत एकाकी राहत. या एकाकीपणाचे मूळ कायद्यात होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. तो १९४३ मध्ये रद्द होईतो कित्येकांचे संसाराचे वय उलटून गेले होते.

असा म्हातारा अंथरुणाला खिळला की वाट उरे ती शुश्रूषागृहाची. तेथे ना त्याची भाषा, ना त्याचे जेवण.

१९७१ मध्ये दंतवैद्य विल्यम गी, समाजसेविका मरी-लुईझ अनसॅक आदींनी ‘ऑन लोक’ ही संस्था स्थापिली. कँटोनी भाषेत नावाचा अर्थ शांत, सुखी निवास. आरंभी शुश्रूषागृहच बांधायचे मनात होते; पण खर्च झेपेना, आणि या लोकांच्या रीतीभातीत ते बसणारेही नव्हते. मग इंग्लंडमधील दिवसाच्या रुग्णालयांचा कित्ता गिरवून १९७३ मध्ये केंद्र उघडले. दिवसा तेथे औषधपाणी, व्यायाम, ओळखीचे जेवण, आपल्या भाषेतील गप्पा. सायंकाळी ज्याने त्याने आपल्या घरी परतावे. शेजारच्या इटालियन व फिलिपिनो वृद्धांनाही तेथे जागा होती.

खरी मेख पैशात होती. १९८३ पासून सरकार माणशी ठरावीक मासिक रक्कम देऊ लागले. इस्पितळाचा खर्चही संस्थेने त्यातूनच भागवायचा. म्हणजे म्हातारा घरी धडधाकट राहण्यातच संस्थेचा निभाव! नुसत्या दयेपेक्षा हा हिशेब अधिक टिकाऊ ठरला, असे मला वाटते. १९९७ च्या कायद्याने ‘पेस’ या नावाने ही पद्धत अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत कायम झाली.