बनगावात जरा बसा

चपला इथंच काढून ठेवा. जेसोर रोडच्या चिखलात रुतल्या तर परत मिळायच्या नाहीत. 1971 चा पावसाळा आहे आणि तुम्ही पश्चिम बंगालच्या सरहद्दीवर, बनगावात उतरलायत. पाऊस आत्ताच थांबलाय, तरी सदरा पाठीला चिकटलाच. ब्लीचिंग पावडर, ओली पोती, धूर आणि उघड्यावरची घाण, सगळे वास एकदमच नाकात शिरतात. रुमाल काढू नका, इथं कुणाकडेच नाही.

पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लष्कराच्या अत्याचारांपासून पळून माणसं अजून येतायत. डोक्यावर पत्र्याची पेटी, कडेवर पोर, खांद्यावर म्हातारी आई. रेटा बसला की तुम्हीही रांगेत. पिस्तुलासारखं यंत्र दंडाला टेकतं, फट्! लस टोचून झाली. पुढं शिध्याची रांग. डोळे चोळू नका. कलकत्त्यात सध्या डोळ्यांच्या साथीलाच, निर्वासितांच्या घोषणेवरून, ‘जय बांगला’ म्हणतात.

त्या चुलीपाशी बसा. वही मात्र आतच राहू द्या. वहीवाले येतात, फोटो काढतात, निघून जातात. चुलीपुढची बाई फुंकून फुंकून बेजार झालीय.

“तांदूळ देतात, डाळ देतात,” ती म्हणते. “जाळू काय, दादा? माझी हाडं?”

मागं परदेशी ब्लँकेट लोंबतंय. पांघरायला नव्हे, पाऊस अडवायला. उकाड्यात तिला ताडपत्री हवी होती. रात्री आडोशाला जायला कंदील हवा होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं, म्हणते. तक्रारीचा सूरही नाही. भाव सांगावा तसं सांगते.

मग ती तुम्हाला इस्पितळात नेते, तिची सून तिथं आहे. आत सांभाळून पाय टाका. फरशीवर पटकीचे रोगी दाटीवाटीनं पडलेत, ओकारी आणि जुलाब पायाखाली. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्यात. म्हणून डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तोटीचे ड्रम भरून ठेवलेत. पाजायचं कुणी? नातेवाइकांनीच. बाई पेला भरते, सुनेचं डोकं मांडीवर घेते, घोट घोट पाजते. सून ओकते. बाई तोंड पुसून पुन्हा पेला लावते. चुलीपाशी हताश बसलेली हीच का ती, असं वाटावं इतकी ती इथं कामात आहे.

माझ्या मते त्या सगळ्या मदतीत ही सर्वांत शहाणी. बाकी ठिकाणी बाईला नुसता हात पसरायचा होता. इथं तिच्या हाताला काम होतं. आधी पटकीच्या शंभरातले तीसेक रोगी दगावत. ड्रम आल्यावर इथं हे प्रमाण चारच्याही खाली आलं.

चला, परत फिरू. आणि पुढच्या पुरात जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधाल, तेव्हा आधी तिथं कुणाला तरी फोन लावा. काय हवंय ते विचारा, मगच गाठ मारा.