ओरंगीच्या गल्ल्या

शहराचे नियोजन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महापालिकेतला एखादा मोठा नकाशा येतो. त्यावर रंगीत पट्टे असतात, आरक्षणे असतात, पंचवीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचे अंदाज असतात. तो नकाशा तयार करणारे एकीकडे आणि त्या नकाशात राहणारे दुसरीकडे, अशीच आपली समजूत असते. आज मी ज्या वस्तीची हकीकत सांगणार आहे, तिथे हा क्रम उलटा झाला. लोकांनी आधी गटार बांधले, मग त्याचा नकाशा झाला आणि त्या नकाशाची दखल पुढे सरकारला घ्यावी लागली. ही वस्ती कराचीतली. तिचे नाव ओरंगी.

कराची हे नाव आपल्याला तसे परके नाही. १९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मराठी अधिकारी, शिक्षक, कारकून तिकडे नोकरीला जात. नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे. फाळणीच्या वेळी या शहराची वस्ती साडेचार लाखांच्या आसपास होती. १९५१च्या जनगणनेत ती अकरा लाखांवर गेली. चार वर्षांत दुपटीहून अधिक! इतक्या माणसांना घरे देणे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले नव्हते. शहराच्या कडेने कच्ची वस्ती वाढत गेली. तिकडे तिला ‘कच्ची आबादी’ म्हणतात.

शहराच्या वायव्येला, टेकड्यांच्या पायथ्याशी, १९६५ साली सरकारने ओरंगी नावाची एक छोटी नगररचना आखली. १९७१च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून बिहारी मुसलमानांचे लोंढे आले आणि आखलेल्या भागाबाहेर ओरंगी झपाट्याने पसरली. पठाण, पंजाबी, सिंधी, बलुच, उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुहाजिर असे नाना तऱ्हेचे लोक तिथे शेजारी शेजारी राहू लागले. जमीन सरकारी, पण ती विकत होते दलाल. हे दलाल पोलिसांना आणि अधिकाऱ्यांना सांभाळून घेत. एक गोष्ट मात्र त्यांनी व्यवहारी बुद्धीने केली. प्लॉट पाडताना गल्ल्या सरळ ठेवल्या. एकेका गल्लीत वीस ते चाळीस घरे. या सरळ गल्ल्या पुढे फार उपयोगी पडल्या.

१९८० साली ओरंगीची लोकसंख्या कित्येक लाखांत होती. घरे लोकांनी स्वतः, हळूहळू, पैसे साठतील तशी बांधली होती. पाणी, वीज थोडीफार मिळवली होती. पण मैला आणि सांडपाणी यांची वाट काय? बहुतेक घरांत टोपलीचे संडास होते, काही ठिकाणी शोषखड्डे. खड्डे भरले की पाणी वर येई. गल्लीच्या मधोमध काळे पाणी वाहत असे आणि त्यातूनच पोरे शाळेला जात. विषमज्वर, हगवण, कावीळ ही घरोघरची दुखणी. घराच्या भिंती ओलीने खचत. ज्या बाईला दिवसभर दारातच वावरायचे, तिला हा त्रास सर्वांत जास्त.

त्याच वर्षी अख्तर हमीद खान नावाचे पासष्टी गाठलेले गृहस्थ ओरंगीच्या गल्ल्यांतून हिंडू लागले. या माणसाची थोडी ओळख करून द्यायला हवी. जन्म १९१४चा, आग्र्याचा. आयसीएस होऊन बंगालमध्ये नोकरी केली. १९४३चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला आणि त्यानंतर त्या नोकरीचा राजीनामा दिला. त्या काळात आयसीएस सोडणे म्हणजे वेडेपणाच. पुढे अलीगढजवळच्या एका खेड्यात त्यांनी मजुरी केली, कुलपे बनवण्याचे काम शिकले. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातील कोमिल्ला येथे त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा प्रयोग उभा केला. तो जगभर गाजला आणि १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आगा हसन अबेदी या बँकरने त्यांना ओरंगीत काही काम करा असे सुचवले आणि त्यासाठी पैसा देऊ केला. खानसाहेबांनी अट घातली, की काय करायचे हे आधी ठरवणार नाही. आधी पाहीन, ऐकेन, मग ठरवीन. या कामाला नाव मिळाले ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’.

काही महिने ते नुसते लोकांशी बोलत राहिले. तुमची मोठी अडचण कोणती? लोकांचे पहिले उत्तर गटार. मग तुम्ही ते बांधत का नाही? यावर लोक म्हणत, ते सरकारचे काम आहे, सरकार फुकट बांधून देईल. निवडणुकीतल्या पुढाऱ्यांनी आणि दलालांनी त्यांना तसे आश्वासनच दिले होते. खानसाहेबांनी या अडचणीची चार भागांत वाटणी केली. पहिली अडचण मनाची. सरकार देईल ही आशा. दुसरी पैशाची, सरकारी दराने गटार परवडत नाही. तिसरी ज्ञानाची, पाइप किती खोल, उतार किती, हे माहीत नाही. आणि चौथी संघटनेची; हे एकट्याचे काम नाही, गल्लीने एकत्र यायला हवे. चारही सुटल्या तरच काम होईल. एक सुटून उपयोग नाही.

यातली दुसरी अडचण सोडवण्यासाठी त्यांनी हिशेब मांडायला लावला. सरकारी गटाराचा खर्च इतका का येतो? त्यात कंत्राटदाराचा नफा, वाटेतल्या टक्केवाऱ्या, सल्लागारांची फी, मोठ्या रस्त्यांसाठी ठरवलेली मापे, हे सगळे मिसळलेले होते. गल्लीतून ट्रक जात नाही, मग पाइप तितका खोल कशाला? गल्लीतल्या लोकांनी खोदाई केली तर मजुरी कशाला? वास्तुविशारद आरिफ हसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या रचना तयार केल्या. मॅनहोल जागच्या जागी ओतण्यासाठी लोखंडी साचे बनवले. प्रत्येक घराच्या संडासाला एक लहान टाकी जोडली. घट्ट मैला तिथेच बसतो आणि पाणी तेवढे पाइपात जाते, त्यामुळे पाइप तुंबत नाही. असे करता करता घरामागे खर्च सुमारे हजार रुपयांवर आला. सरकारी दरापेक्षा तो कित्येक पटींनी कमी होता.

काम चाले ते असे. गल्लीतले लोक बैठक घेत आणि आपल्यातलाच एक माणूस प्रमुख म्हणून निवडत. तो संस्थेकडे अर्ज करी. संस्थेचे तंत्रज्ञ येऊन मोजमाप घेत, उतार काढत, नकाशा आणि खर्चाचा अंदाज देत. अवजारे आणि साचे उसने मिळत. पैसा मात्र लोकांनी काढायचा, तो गल्लीच्या प्रमुखाकडेच राहायचा, आणि हिशेब गल्लीलाच द्यायचा. संस्था बांधकामासाठी एक रुपया देत नसे, आणि लोकांच्या पैशाला हातही लावत नसे. भांडणे होतच. वरच्या अंगाला राहणारा म्हणे, माझे पाणी आपोआप खाली जाते, मी का देऊ? कुणी कमी देई, कुणी उशिरा. ती भांडणे गल्लीनेच मिटवायची. संस्था मध्ये पडत नसे.

पहिल्या काही गल्ल्यांत चुकाही झाल्या. काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारले गेले नाही, मॅनहोलची झाकणे फुटली. मग तंत्रज्ञांनी काँक्रीट कालवण्याचे प्रमाण शिकवले, सूचनापत्रके काढली, बैठकांत स्लाइड्स दाखवल्या. एका गल्लीचे काळे पाणी गेले, की शेजारची गल्ली स्वतःहून अर्ज घेऊन येई. गल्लीचे गटार पुढे मोठ्या गटाराला आणि ते नैसर्गिक नाल्याला जोडले गेले. ओरंगीतल्या जवळजवळ सर्व गल्ल्यांत आणि सुमारे एक लाख घरांत अशी गटारे झाली. सगळी लोकांच्या पैशाने.

इथे एक प्रश्न मनात येणे साहजिक आहे, आणि तो तेव्हाही विचारला गेला. श्रीमंत वस्तीत सरकार गटार घालते, मग गरिबाने आपल्या पैशाने का घालावे? हा सरकारला मोकळे सोडण्याचा प्रकार नव्हे काय? आक्षेप खरा आहे. खानसाहेबांचे उत्तर व्यवहाराचे होते. गरीब माणूस आजही पैसा भरतोच. औषधाला भरतो, बुडालेल्या मजुरीत भरतो, भिंतींच्या डागडुजीत भरतो. पण त्यांनी सरकारला सगळेच माफ केले नव्हते. त्यांनी वाटणी केली. घरातला संडास, गल्लीचे गटार आणि त्याला जोडणारे दुय्यम गटार हे लोकांचे. मुख्य वाहिन्या, नाले आणि शुद्धीकरण केंद्रे हे सरकारचे, कारण ते गल्लीच्या ताकदीपलीकडचे. आपला वाटा पुरा केलेला माणूस सरकारकडे जातो तेव्हा तो भीक मागत नाही, हिशेब मागतो. पाकिस्तानच्या २००६च्या राष्ट्रीय स्वच्छता धोरणाने ही वाटणी मान्य केली.

हिशेब मागायचा तर कागद हवा. इथे परवीन रहमान यांचे नाव येते. ढाक्यात जन्मलेल्या परवीन १९७१नंतर कुटुंबासह कराचीला आल्या, वास्तुशास्त्र शिकल्या, आणि एका खासगी कार्यालयातली नोकरी सोडून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस ओरंगीत दाखल झाल्या. वस्तीतल्या तरुणांना मोजणी शिकवून त्यांनी गल्ल्यांचे, नाल्यांचे नकाशे करून घेतले. त्यातून एक साधी गोष्ट पुढे आली. कराचीचे सांडपाणी प्रत्यक्षात नाल्यांतून वाहते आहे, आणि परदेशी कर्जाच्या योजना मात्र नाले नाहीतच असे धरून नव्या वाहिन्या आखत आहेत. कोरंगी भागातल्या अशाच एका योजनेला संस्थेने कितीतरी स्वस्त पर्याय कागदावर मांडून दाखवला. १९९९ साली त्या योजनेचे आशियाई विकास बँकेचे कर्ज रद्द झाले. मोजणी शिकलेल्या पोरांनी केलेल्या नकाशांचा त्यात मोठा वाटा होता.

अख्तर हमीद खान १९९९च्या ऑक्टोबरात वारले. परवीन यांनी काम शहराच्या वेशीवर नेले. तिथली जुनी खेडी, सिंधीत त्यांना ‘गोठ’ म्हणतात, शहर गिळू लागले होते. कागद नसल्यामुळे गावकऱ्यांच्या जमिनी बळकावल्या जात होत्या. परवीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोठांचे नकाशे केले आणि शेकडो खेड्यांना जमिनीचा हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. बेकायदा पाणी उपसून टँकरने विकणाऱ्यांचीही त्यांनी नोंद केली. असे नकाशे ज्यांच्या पोटावर येतात, ते स्वस्थ बसत नाहीत. १३ मार्च २०१३ रोजी कार्यालयातून घरी जाताना परवीन रहमान यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या वाचल्या नाहीत. २०२१ साली दहशतवादविरोधी न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावली. २०२२ साली सिंध उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लोकांनी आपला वाटा पुरा केला, सरकारचा मात्र अपुरा राहिला. कराचीचे बरेचसे सांडपाणी प्रक्रिया न होताच समुद्राला मिळत राहिले. नाल्यांच्या काठी बांधकामे वाढली, त्यांत कचरा साचला. २०२०च्या ऑगस्टमधल्या पावसाने शहर बुडाल्यावर गुज्जर नाला आणि ओरंगी नाला यांच्या काठची हजारो घरे पाडण्यात आली. ज्यांची घरे गेली त्यांना योजना आखताना कोणी विचारले नव्हते. म्हणजे चाळीस वर्षांनंतर पुन्हा नकाशा एकीकडे आणि माणसे दुसरीकडे.

आपल्याकडेही या विचाराचे नातेवाईक आहेत. मुंबईतली ‘स्पार्क’ संस्था, जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि ‘महिला मिलन’ यांचा आशियातील गृहहक्क संघटनांच्या आघाडीतून ओरंगीच्या मंडळींशी संबंध होता. १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, पुणे महापालिकेने स्वयंसेवी संस्थांमार्फत झोपडपट्ट्यांत चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधली. ओरंगीतल्यासारखा बांधकामाचा खर्च इथे वस्तीवर नव्हता, तो महापालिकेने केला. देखभाल वस्तीकडे आली. वाटणी निराळी, पण प्रश्न तोच: कोणाचे काम कोणते, आणि ते ठरवताना तिथे राहणाऱ्याला विचारले का?

ओरंगीच्या लोकांनी कोणतेही तत्त्वज्ञान मांडले नाही. तीस घरांनी एकत्र बसून उतार मोजला, पैसे काढले आणि दारातले काळे पाणी घालवले. आपल्या गल्लीतले चेंबर तुंबले की आपण तक्रारीचा अर्ज करतो, आणि तो करायलाच हवा. पण त्या चेंबरचे पाणी पुढे कोठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ओरंगीत ते पोराटोरांना ठाऊक झाले. सरकारला जाब विचारण्याचे बळ त्यांना तिथूनच मिळाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)