एकशे आठ सेकंदांचा रस्ता

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला जाणाऱ्या तीनचाकीत मी पुढे, चालकाच्या शेजारी बसलो होतो. खड्डा आला की गिअर खाली, म्हशी आडव्या आल्या की ब्रेक, कुणी हात दाखवला की थांबा. मी विचारलं, "दादा, ॲव्हरेज किती देते?" तो हसला. "कागदावरचं विचारता का इथलं?"

कागदावरचा आकडा येतो कुठून, हे शोधताना मी १९८५ सालापर्यंत मागे गेलो.

गाडी किती धूर सोडते हे मोजायचं, तर आधी ती चालवायची कशी हे ठरवावं लागतं. प्रयोगशाळेत तिची चाकं रोलरवर ठेवतात. समोरच्या पडद्यावर वेगाची रेषा सरकते, चालक त्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो आणि धूर पिशव्यांत गोळा होतो. या ठरलेल्या वेगपत्रकाला 'ड्रायव्हिंग सायकल' म्हणतात. अमेरिकेने लॉस एंजेलिसमधल्या वाहतुकीवरून १३७२ सेकंदांची सायकल बांधली आणि १९७२ पासून ती वापरात आणली.

आपल्याकडे हे काम १९६६ साली स्थापन झालेल्या, पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेने केलं. शहरांतल्या रस्त्यांवर चाचण्या घेऊन १९८५ च्या अखेरीस 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' तयार झाली. तिची लांबी १०८ सेकंद, अंतर ०.६५८ किलोमीटर. त्यातले पहिले १६ सेकंद गाडी नुसती उभी. सर्वाधिक वेग ताशी ४२, सरासरी सुमारे २२ किलोमीटर. जपमाळेच्या मण्यांइतक्या सेकंदांची ही आवर्तनं सहा वेळा करायची. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांसाठी आणि १९९२ मध्ये डिझेल गाड्यांसाठी धुराच्या मर्यादा आल्या, तेव्हा कसोटीला ही देशी सायकल तयार होती. परक्या रस्त्याचं माप न घेता आपल्या वाहतुकीचं माप घेतलं, हे त्या संशोधकांचं मोठं काम.

पुढे मोटारी वेगवान झाल्या. २००० च्या सुमारास त्यांच्यासाठी युरोपची सायकल आली. आपण बदल केला तो मुख्यतः एक: ताशी १२० चा कमाल वेग ९० वर आणला. दुचाकी जागतिक सायकलवर गेल्या आणि त्यानंतर २०२० मध्ये बीएस-६ आलं. २०२३ पासून मोटारींचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जातो. तीनचाकीची कसोटी मात्र बीएस-६ मध्येही त्या जुन्या १०८ सेकंदांचीच राहिली.

ती सायकल शहराची होती. चौकातलं थांबणं तिच्यात आहे. खड्डा, चढ, म्हशी आणि दाटीवाटीने बसलेली माणसं नाहीत. वारंवार थांबून पुन्हा वेग घेताना इंधन जास्त जळतं, धूरही वाढतो. तो धूर बाजाराला निघालेल्या माणसांच्या छातीत जातो आणि जादा इंधनाचा खर्च चालकाच्या खिशातून.

१९८५ साली पुण्याने प्रश्न बरोबर विचारला होता: गाडी आपल्या रस्त्यावर कशी चालते? हसनाबादच्या वतीने मला त्यात एवढंच जोडायचं आहे: 'आपल्या' म्हणजे कुणाच्या?